जुनं पेटंट वाचायचं कसं: वायपर, नांगर आणि टेलिफोनच्या डायलपासून

वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात मी ३१ वर्षं नोकरी केली. लागले तेव्हा ट्रेसर होते. मोठ्यांनी पेन्सिलीने काढलेल्या ड्रॉइंगवर ट्रेसिंग पेपर ताणून बसवायचा आणि शाईने रेघ न् रेघ उतरवायची, हे काम. निवृत्त झाले तरी रेघा वाचायची सवय सुटली नाही. आता मी विसाव्या शतकाच्या सुरुवातीची पेटंटं वाचते. शेतीची अवजारं, गाड्यांचे भाग, टेलिफोन. रविवारी सकाळी नौपाड्यातल्या आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर एखादं पेटंट पसरलेलं असतं आणि सोसायटीतली दोन-तीन मुलं रंगीत पेन्सिली घेऊन भोवती बसलेली असतात.

हे लिहायला घेतलं ते तिसऱ्या मजल्यावरच्या मुलामुळे. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. गेल्या पावसाळ्यात तो एक फाईल घेऊन आला. ओतूरकडे त्याच्या मामाचा कांदा असतो. खुरपणीला बायका मिळत नाहीत म्हणून त्याने एक हातकोळपं आखलं होतं. पुढे एक चाक, मागे दोन मुठी, मध्ये जमिनीलगत सरकणारी पास, म्हणजे तण कापणारं पातं. एका एजंटाने ‘कल्पना एकदम नवी आहे’ असं सांगून त्याच्याकडून पैसे घेतले होते. फाईल उघडली आणि माझ्या पोटात खड्डा पडला. शेतकरी ज्याला सायकल कोळपं म्हणतात तेच हे. फिलाडेल्फियाची ‘प्लॅनेट ज्युनियर’ नावाची चाकाची हातकोळपी शंभराहून जास्त वर्षांपूर्वी अमेरिकेच्या वाफ्यांतून फिरत होती. आपल्या १९७० च्या कायद्याप्रमाणे पेटंटासाठी शोध नवा असावा लागतो, आणि नवा म्हणजे जगात कुठेही आधी छापून आलेला नसावा. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत छापलेला कागद ठाण्यातल्या मुलाच्या आड येतो. पैसे भरायच्या आधी त्याने एक रविवार जुने कागद वाचण्यात घालवला असता तर हे त्याचं त्यालाच कळलं असतं. पेटंट वाचायला वकील लागत नाही. कसं वाचायचं ते माझ्या पद्धतीने सांगते.

क्रमांक, तारीख आणि मंगळवार

पहिल्यांदा कागद मिळवायचा. गूगल पेटंट्स आणि युरोपियन पेटंट ऑफिसचं एस्पेसनेट, या दोन्ही जागा फुकट आहेत. लॉगिन लागत नाही. अमेरिकेचं पेटंट हवं असेल तर आधी ‘यूएस’ ही दोन अक्षरं, मग क्रमांक, सगळं इंग्रजीत आणि मध्ये स्वल्पविराम न घालता टाकायचं. सरावासाठी ७,४३,८०१ काढा, पुढे त्याच्यावरच शिकायचं आहे.

क्रमांक हातात आला की त्यावरून साल ओळखता यायला हवं. मी वहीच्या पहिल्या पानावर पाच आकडे लिहून ठेवले आहेत. अमेरिकेत १९०० सालाची सुरुवात ६,४०,१६७ ने झाली, १९०५ ची ७,७८,८३४ ने, १९१० ची ९,४५,०१० ने, १९१५ ची ११,२३,२१२ ने आणि १९२० ची १३,२६,८९९ ने. एवढे लक्षात असले तर कुठलाही क्रमांक पाच वर्षांच्या खणात बसवता येतो. दहा लाखावं पेटंट ८ ऑगस्ट १९११ ला निघालं, ते गाडीच्या टायरचं होतं. ओहायोमधल्या ॲक्रन गावच्या फ्रान्सिस होल्टनचं.

कधीकधी क्रमांक नसतो, नुसती तारीख असते. भंगारात किंवा गावच्या माळ्यावर जुनं बिडाचं अवजार सापडतं, त्यावर पेटंट या शब्दापुढे महिना, दिवस, साल ओतलेलं असतं. अमेरिकेत १९२७ पर्यंत वस्तूवर नुसती तारीख घातली तरी चालायचं, क्रमांक सक्तीचा झाला तो त्यानंतर. अशा वेळी फोनमधलं कॅलेंडर मागे नेऊन वार बघा. अमेरिकेची पेटंटं मंगळवारी निघतात. वार मंगळवार आला नाही तर एक तर तुम्ही गंजलेला आकडा चुकीचा वाचला, नाहीतर ते अमेरिकेचं नव्हेच. माझ्याकडे कुणी तारीख घेऊन आलं की मी हेच पहिलं बघते. तारीख बरोबर निघाली की एस्पेसनेटवर प्रकाशनाची तारीख आणि विषयाचा वर्ग एकत्र टाकून शोधायचं. वर्गाचं पुढे सांगते.

ब्रिटनची गोष्ट वेगळी. तिथे १९१५ पर्यंत दरवर्षी क्रमांक पुन्हा एकपासून सुरू व्हायचे, त्यामुळे सालाशिवाय क्रमांक निरुपयोगी. १९१६ पासून १,००,००१ ने सलग मोजणी सुरू झाली. आपल्याकडे १८५६ मध्ये पहिला कायदा आला आणि त्याखालचा पहिला अर्ज कलकत्त्याच्या जॉर्ज अल्फ्रेड डीपेनिंग या इंजिनिअरने पंखा ओढायच्या यंत्रासाठी केला होता. पुढे १९११ चा कायदा आला. पण शिकायला सुरुवात अमेरिकेच्या कागदांपासून करा, कारण त्यातली चित्रं उत्तम आहेत.

आधी चित्र

मजकूर वाचायची घाई करू नका. चित्राची पानं ए-थ्री कागदावर छापून आणा. स्टेशनजवळच्या कुठल्याही झेरॉक्सवाल्याकडे होतं. स्क्रीनवर बोटाने मोठं करून बघितल्याने अख्खं यंत्र एका नजरेत येत नाही.

७,४३,८०१ हे १० नोव्हेंबर १९०३ चं पेटंट. बर्मिंगहॅम, अलाबामा इथल्या मेरी अँडरसन यांचं. नाव आहे ‘विंडो क्लीनिंग डिव्हाइस’, म्हणजे खिडकी पुसायचं साधन. न्यूयॉर्कला हिवाळ्यात ट्रामचा चालक काचेवरच्या बर्फामुळे हैराण झालेला त्यांनी पाहिला होता आणि त्यावरून त्यांना हे सुचलं. गाडीच्या आत एक मूठ, तिचा दांडा चौकटीतून बाहेर गेलेला, बाहेर हात आणि हाताला रबराची पट्टी. स्प्रिंग आणि वजन यांच्या जोरावर पट्टी काचेला चिकटून राहते. आतून मूठ हलवली की बाहेर काच पुसली जाते. हिवाळा संपला की सगळं काढून ठेवता येतं.

लहानपणी भाताच्या गोणींबरोबर ट्रकमधून वडिलांच्या शेजारी बसून मी मुरबाडहून कल्याणला यायची. मुसळधार पावसात ड्रायव्हर एका हाताने स्टिअरिंग धरून दुसऱ्या हाताने काचेच्या कडेची छोटी मूठ हलवायचा. हे चित्र पहिल्यांदा बघितलं तेव्हा तो हात मला आठवला, आणि त्या मुठीमागे एक बाई होती हे कळल्यावर मी बराच वेळ नुसती बसून राहिले.

आता पेन्सिली घ्या. पेटंटाच्या चित्रात प्रत्येक भागाला आकडा किंवा अक्षर दिलेलं असतं, आणि एकच भाग वेगवेगळ्या आकृत्यांत आला तरी त्याचा आकडा बदलत नाही. समोरून दिसणारी मूठ आणि कापून दाखवलेली मूठ, दोघींवर तोच आकडा. प्रत्येक आकड्याला एक रंग ठरवा आणि सगळ्या आकृत्यांत तो भाग त्याच रंगाने रंगवा. मुलं पहिल्या दहा मिनिटांत कुरकुरतात. मग हिरवा दांडा आतून बाहेर गेलेला त्यांना स्वतःलाच दिसतो आणि कुरकुर थांबते. हलणाऱ्या भागांना गडद रंग, स्थिर चौकटीला फिका, असं ठेवलं तर यंत्र कागदावर हलायला लागतं.

एक गोष्ट ड्रॉइंग ऑफिसात बसलेल्यालाच चटकन दिसते, म्हणून मुद्दाम सांगते. या चित्रांत काही रेघा जाड असतात, काही बारीक. उजेड वरच्या डाव्या कोपऱ्यातून तिरका येतो असं धरून ती काढलेली असतात. त्यामुळे उठावाच्या भागाची उजवीकडची आणि खालची कड सावलीत येते आणि तिथली रेघ जाड होते. जाड रेघ डावीकडे आणि वर दिसली तर तिथे खड्डा किंवा भोक आहे असं समजा. हे कळलं की सपाट कागदावर खोबण कुठली आणि उंचवटा कुठला ते बोट ठेवून सांगता येतं. तिरक्या समांतर रेघांनी भरलेला भाग म्हणजे तिथे वस्तू कापून दाखवली आहे. शेजारच्या दोन भागांच्या तिरक्या रेघा उलटसुलट दिशांना गेल्या असतील तर ते दोन वेगळे तुकडे. तुटक रेघ म्हणजे मागे लपलेली कड.

त्या पानावर शोध लावणाऱ्याचं नाव असतं, साक्षीदारांच्या सह्या असतात, मुखत्याराचं नाव असतं. ज्याने ते चित्र काढलं त्याचं नाव बहुधा नसतं. हे मला दरवेळी लागतं. शाईची इतकी समान रेघ, वळणावर जरा न फुगलेली, ती काढणारा हात वर्षानुवर्षं घासून तयार झालेला असतो. चित्र रंगवताना त्या माणसाची आठवण ठेवा, एवढं मी मुलांना सांगते.

आणि माप शोधू नका. पेटंटाच्या चित्रात सहसा मापं नसतात. ते कारखान्याचं ड्रॉइंग नव्हे, त्यावरून थेट लोखंड कापता येत नाही.

दावे म्हणजे चतुःसीमा

आता मजकूर. सुरुवात ठरलेली असते: अमुक गावचा, अमुक देशाचा नागरिक, मी अमुक वस्तूत नव्या आणि उपयुक्त सुधारणा केल्या आहेत. मग उद्देश, मग आकृत्यांची यादी, मग आकड्या-आकड्याने वर्णन आणि अगदी शेवटी क्रमांक घातलेली काही लांबलचक वाक्यं. ती वाक्यं म्हणजे दावे. हक्क असतो तो दाव्यांवर. वरचं सगळं समजून घेण्यासाठी.

गावच्या जमिनीचं खरेदीखत ज्याने वाचलंय त्याला दावा कळायला वेळ लागत नाही. खरेदीखतात चतुःसीमा असते: पूर्वेस अमक्याचं शेत, पश्चिमेस ओहोळ, दक्षिणेस रस्ता. दावा तेच करतो. यंत्रात अमुक, अमुक आणि अमुक भाग आहेत आणि ते एकमेकांना असे जोडलेले आहेत, एवढी हद्द माझी. हद्दीत एक भाग जास्त लिहिला की जमीन आक्रसते, कारण तो भाग नसलेलं यंत्र हद्दीबाहेर जातं. खरेदीखतात जसं ‘सदर मिळकत’, ‘सदरहू इसम’ परत परत येतं तसा दाव्यात ‘सेड’ हा शब्द येतो. जिथे तो दिसेल तिथे मागे जाऊन ही वस्तू पहिल्यांदा कुठे आली ते शोधा आणि खाली रेघ मारा. मग अख्खं वाक्य वहीत उतरवा, दर स्वल्पविरामाला नवी ओळ. दहा ओळींचं अंगावर येणारं वाक्य सहा-सात भागांची साधी यादी होऊन बसतं.

एका शब्दाने केवढी उलथापालथ होते ते बघायला जॉर्ज सेल्डनचं ५,४९,१६० वाचा. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरचा हा वकील. त्याने मोटारगाडीसाठी ८ मे १८७९ ला अर्ज केला आणि दुरुस्त्या करत करत तो अर्ज इतकी वर्षं लांबवला की पेटंट निघालं ५ नोव्हेंबर १८९५ ला. तेव्हा अमेरिकेत मुदत मंजुरीपासून १७ वर्षं असायची, म्हणजे हक्क पोचला १९१२ पर्यंत, ऐन मोटारींच्या धंद्यात. कारखानदारांची संघटना या पेटंटापोटी गाडीच्या किमतीवर सव्वा टक्का घ्यायची. हेन्री फोर्डने द्यायला नकार दिला. १९०९ मध्ये तो कोर्टात हरला, पण जानेवारी १९११ मध्ये वरच्या कोर्टाने निकाल फिरवला. पेटंट खरं आहे, पण दाव्यात जे इंजिन आहे ते ब्रेटन पद्धतीचं, म्हणजे इंधन हळूहळू जाळणारं, आणि फोर्डच्या गाडीतलं ऑटो नावाच्या दुसऱ्या पद्धतीचं, एकदम भडका उडवणारं. तेव्हा फोर्ड हद्दीबाहेर. म्हणून प्रत्येक पेटंटावरच्या दोन्ही तारखा, अर्जाची आणि मंजुरीची, वहीत वेगवेगळ्या लिहा. कुणी कधी शोधलं हे अर्जाच्या तारखेवरून कळतं, हक्क कधी संपला हे मंजुरीच्या.

इथे माझी एक चूक सांगते. गूगल पेटंट्सवर जुन्या पानांचा मजकूर यंत्राने वाचून टाइप केलेला असतो. तो वाचायला सोपा, म्हणून सुरुवातीला मी तोच धरून चालले. एका मळणीयंत्राच्या पेटंटात यंत्राने ३ चा ८ केला होता. मी पूर्ण सकाळ चाळणीऐवजी पंख्याची कडी रंगवत बसले आणि मुलांनाही तेच शिकवलं. पुढच्या रविवारी सगळ्यांना बसवून ते पान पुन्हा रंगवलं. टाइप केलेला मजकूर फक्त शब्द शोधायला वापरा. वाचायला नेहमी मूळ पानाचं छायाचित्र.

शब्द सापडत नाही तेव्हा

नव्या नावाने शोधलं तर जुनं पेटंट हाती लागत नाही, कारण तेव्हा ते नावच नव्हतं. वायपर हा शब्द टाकून अँडरसनबाई सापडायच्या नाहीत. बेलच्या टेलिफोनच्या १८७६ च्या पेटंटाचं नाव ‘तारायंत्रातील सुधारणा’ असं आहे. सेल्डनची मोटार म्हणजे ‘रोड इंजिन’. पट्ट्यावर चालणारं यंत्र हवं असेल तर ‘ट्रॅक्शन इंजिन’ शोधावं लागतं. बेंजामिन होल्टचं १७ डिसेंबर १९०७ चं ८,७४,००८ त्याच नावाखाली आहे. कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटनजवळच्या मऊ जमिनीत वजनदार यंत्रांची चाकं रुतायची, म्हणून त्याने चाकांऐवजी साखळीचा पट्टा घातला. घोडबंदर रोडवर पोकलेन दिसलं की त्याच्या पायाशी नीट बघा, मग हे पेटंट उघडा.

यावर उपाय वर्गाचा. जुन्या कागदांनाही नंतर आजचे वर्ग लावले गेले आहेत. ए०१बी म्हणजे जमिनीची मशागत, त्यातला पहिला गट हाताच्या अवजारांचा. ए०१सी पेरणी, लावणी आणि खत. ए०१डी कापणी. बी६०एस मध्ये गाडीची पुसपास आणि निगा. एफ०२एन इंजिन सुरू करण्याची साधनं. एच०४एम टेलिफोन. एक ओळखीचं पेटंट उघडायचं, साइटवर त्याच्या नोंदीत दिलेला वर्ग टिपायचा आणि तोच वर्ग १९०० ते १९२० या सालांबरोबर टाकायचा. शेजारीपाजारी सगळे बाहेर येतात. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाला मी ए०१बी चा पहिला गट दिला आणि म्हटलं, आता तू शोध. संध्याकाळी तो परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. पण हातात चाळीस पानं होती.

एफ०२एन मध्ये शिरलात तर चार्ल्स केटरिंगचं ११,५०,५२३ बघाच, १७ ऑगस्ट १९१५ चं. हँडल मारून गाडी सुरू करणारी पिढी आपल्याकडेही होती आणि उलट फिरलेल्या हँडलने मनगट मोडलेले लोक तिच्यात होते. केटरिंगने त्याआधी दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर बसवली होती. काही क्षणांपुरती छोट्या मोटरवर भरपूर जोर टाकला तरी ती जळत नाही, हे त्याला तिथे उमगलं होतं. इंजिन सुरू करायलाही तेवढेच क्षण लागतात.

टेलिफोन: दहा मजल्यांची चाळ

टेलिफोनची पेटंटं तारांच्या जाळ्यामुळे घाबरवतात. चित्र रंगवूनही भागत नाही. इथे वस्तू बनवावी लागते.

आल्मन स्ट्रोजर हा कॅन्सस सिटीचा, अंत्यविधीचं सामान पुरवणारा. एक्स्चेंजमधल्या बाई आपली गिऱ्हाइकं दुसऱ्याला जोडून देतात असा त्याला संशय होता, अशी गोष्ट सांगतात. त्याचं ४,४७,९१८ हे १० मार्च १८९१ चं पेटंट माणसाशिवाय फोन जोडणाऱ्या यंत्राचं. पुढची कित्येक दशकं जगभरची एक्स्चेंजेस याच तत्त्वावर चालली. भारतातलं पहिलं स्वयंचलित एक्स्चेंज सिमल्याला १९१३-१४ मध्ये बसलं.

तत्त्व असं समजा. दहा मजल्यांची चाळ, दर मजल्यावर दहा खोल्या, एकूण १०० बिऱ्हाडं. ४७ नंबरला जायचंय. आधी चार ठोके येतात आणि कांडी चार मजले चढते. मग सात ठोके येतात आणि ती त्या मजल्यावर सात खोल्या सरकते. दारात थांबली की फोन जोडला. आम्ही हे रिकाम्या काडेपेट्यांनी केलं. दहा आडव्या ओळी, दर ओळीत दहा पेट्या, पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या. एक मुलगा टेबलावर ठोके देतो, दुसरी मुलगी विणायची सुई धरून आधी चढते, मग सरकते. पाच मिनिटांत शंभर जोडण्या समजल्या आणि मग पेटंटातल्या गोल खांबावरच्या ओळींकडे बघून एकीने विचारलं, “काकू, ही चाळ गुंडाळलेली आहे का?” तसंच आहे ते.

डायल मूळ पेटंटात नाही. तिथे कळी दाबायच्या. फिरवायची तबकडी आली कीथ आणि एरिक्सन बंधूंच्या १८९८ च्या ५,९७,०६२ मध्ये. टेलिफोनचं एक पेटंट वाचलं की त्याच्या आधीचं आणि नंतरचं, अशी तिन्ही शेजारी ठेवावीत. एकटं पेटंट अर्धंच बोलतं. घरात काळा फोन असेल तर माळ्यावरून काढा. ९ फिरवून सोडा आणि परत येतानाची करकर मोजा: नऊ वेळा तारेतला प्रवाह तुटतो. शून्य फिरवलं तर दहा वेळा, म्हणूनच तो नऊच्या पलीकडे बसलेला असतो.

याच खणात दोन कागद असे आहेत की ते मी कधीच एका बैठकीत संपवत नाही. एक आचार्य जगदीशचंद्र बोस यांचं ७,५५,८४०. अर्ज १९०१ चा, मंजुरी २९ मार्च १९०४ ची. विद्युतलहरी टिपणारा गॅलिनाचा, म्हणजे शिशाच्या एका खनिजाचा, स्फटिक. अमेरिकेच्या त्या ठरावीक मायन्यात कलकत्ता हे गाव वाचताना मुलं मान वर करून माझ्याकडे बघतात. दुसरं केंटकीमधल्या मरे गावच्या नेथन स्टबलफील्डचं, १२ मे १९०८ चं ८,८७,३५७. हा माणूस शेतकरी. त्याने बिनतारी टेलिफोन मागितला आणि तोसुद्धा चालत्या वाहनांसाठी. रस्त्याच्या कडेने तार ताणायची, वाहनावर तारेचं मोठं वेटोळं, आणि एकातल्या बदलत्या प्रवाहाने दुसऱ्यात प्रवाह उठवायचा. शेत, गाडी आणि टेलिफोन एका माणसाच्या डोक्यात असे एकत्र आले होते. तारेपासून लांब गेलं की आवाज जातो, हीच त्यातली अडचण, आणि ती चित्र नीट रंगवल्यावर दिसते. धंदा उभा राहिला नाही. १९२८ मध्ये तो एका झोपडीत एकटाच मेला. हे मी मुलांना सांगते, लपवत नाही.

ज्याचं अवजार त्याला दाखवा

सगळं वाचून झालं तरी एखादा कागद अडतो. माझा अडला तो हॅरी फर्ग्युसनचा. ब्रिटनचं २,५३,५६६, अर्ज १९२५ चा, मंजुरी १९२६ ची. ट्रॅक्टरला अवजार जोडण्याचं आणि नांगरटीची खोली आपोआप राखण्याचं साधन. दांड्या कळत होत्या, पण कुठली दांडी कुणाला ढकलते ते मला लागेना. मी एवढी वर्षं गिअरबॉक्सची ड्रॉइंगं केली, नांगर कधी धरला नाही.

कागदाची गुंडाळी घेऊन मी मुरबाडला गेले. दादा भाड्याने नांगरट करून देतो, त्याचा स्वतःचा ट्रॅक्टर आहे. ओट्यावर कागद पसरला, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले. त्याने चष्मा लावला, अर्धा मिनिट बघितलं आणि म्हणाला, “बाय, हा तर आपला ड्राफ्टचा लिव्हर.”

मग मला मागे नेऊन त्याने टॉप लिंकवर हात ठेवला. कडक जमीन लागली की फाळाला ओढ बसते, ही वरची दांडी पुढे रेटली जाते, तिचा रेटा हायड्रॉलिकच्या वाल्वला लागतो आणि नांगर बोटभर वर येतो. जमीन मऊ लागली की रेटा कमी, नांगर खाली. पोझिशनच्या लिव्हरला हे कळत नाही, तो फक्त उंची धरतो. हे सगळं तो दांडीवर हात ठेवून, ती आपल्या दिशेने ढकलून दाखवत बोलत होता. मी तिथेच उभ्या उभ्या त्या दांडीला लाल रंग दिला. तेव्हापासून कुठलंही शेतीचं पेटंट मी आधी ते अवजार चालवणाऱ्याला दाखवते आणि तो ज्या भागावर हात ठेवतो तिथून रंगवायला सुरुवात करते.

मुदत संपलेली पेटंटं कुणीही बनवावीत, वापरावीत, विकावीत. वर सांगितलेल्यांपैकी एकाचाही हक्क आज शिल्लक नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाला हे उमजायला थोडा वेळ लागला. त्या चाळीस पानांतले दावे त्याने ओळी पाडून वहीत उतरवले, शेजारी स्वतःच्या कोळप्याचे भाग मांडले आणि खुणा करत गेला. चाक जुनं, मुठी जुन्या, पासही जुनी. पान्याशिवाय, पायाने खटका दाबून पासेचा कोन बदलायची त्याची सोय मात्र त्या चाळीस पानांत कुठे नव्हती. आता बाकीची पानं तो स्वतःच शोधतोय, साल पुढे पुढे नेत. एजंटाला त्याने पुन्हा पैसे दिलेले नाहीत.

दरम्यान कोळपं त्याने बनवलं. मागच्या महिन्यात आम्ही ते दादाच्या परसातल्या भाजीच्या वाफ्यात चालवून बघितलं. पास छान चालली, पण ओली माती चाक आणि ते धरणाऱ्या चिमट्याच्या मध्ये भरायला लागली आणि सहा सरींनंतर चाक फिरेना. दोन जुन्या चित्रांत चाकालगत एक छोटा पत्रा आहे, माती खरवडणारा, ते त्याला घरी येताना बसमध्ये आठवलं. पत्र्याचा कोन चित्रावरून घेता येत नाही, म्हणून त्याने पुठ्ठ्याचे तीन नमुने कापलेत, ३०, ४५ आणि ६० अंशांचे. पाऊस उघडला की तिन्ही घेऊन आम्ही पुन्हा मुरबाडला जाणार आहोत.